पोळ्याच्या रंगात माखलेलं इंजिन

रुपराव ढेंगे तापट म्हणूनच ओळखले जात. रेल्वेच्या वर्कशॉपात तीस वर्षं फिटर होते. निवृत्तीनंतर इतवारीतल्या घरी ते खेळण्यांतल्या जुन्या आगगाड्या साफ करून चालत्या करायचे. गंज काढायचा, मूळ रंग राखायचा. वरून नवा रंग फासणाऱ्याला ते उंबऱ्यावर उभं करत नसत.

१९७४ साली धंतोलीच्या डॉक्टर गोपाळरावांनी आपल्या वडिलांच्या लहानपणचं चावीचं इंजिन त्यांच्याकडे साफ करायला दिलं. पत्र्यावर काजळी आणि चिकट तेलाचा थर होता. तो चिंधीच्या टोकानं पुसायला रुपरावांना दोन महिने लागले. खालून गर्द हिरवा रंग निघाला आणि त्यावर केसाएवढी सोनेरी रेघ.

इंजिन पोचतं झालं, चावी मात्र रुपरावांच्याच घरी राहिली. ती द्यायला ते पोळ्याच्या दुपारी धंतोलीत गेले. ओसरीवर डॉक्टरांच्या आई बायजाबाई दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोरांच्या मिरवणुकीसाठी, नातवंडांचे लाकडी बैल रंगवत होत्या. बैलांच्या रांगेत शेवटी इंजिन होतं. लालभडक. चाकंसुद्धा.

"हे कोणी केलं?"

"मीच. काहून? बैलांले दरसाल नवा रंग, मंग यानंच काय पाप केलं? किती मळकट दिसे!"

"मळकट? बाई, दोन महिने धुतलं मी त्याले!"

"धुतलं, पण रंगवाचं राहूनच गेलं न गा तुमचं!"

दारातले डॉक्टर हसले. रुपरावांनी इंजिनाला बोट लावलं. डावी बाजू अजून ओली होती. ब्रश बुडवायची घासलेटची वाटी त्यांनी न विचारता ओढली, धोतराचा सोगा टर्रकन फाडला आणि तिथंच बसकण मारली.

"अहो, उद्या मिरवणुकीत न्यायचंय ते!" डॉक्टर म्हणाले.

"बैल न्या."

पुसता पुसता डावीकडचा हिरवा परत आला. सोनेरी रेघ दोन ठिकाणी तुटली होती. उजवी बाजू सकाळीच रंगवलेली, ती घट्ट वाळली होती. खरवडली असती तर खालचा रंगही निघाला असता.

"अन् ही बाजू?" डॉक्टर आता हसत नव्हते.

"ते तुमच्या घरचं काम हाय. माह्यं नाही."

"अर्धं हिरवं, अर्धं लाल! लोक हसतीन वं माय," बायजाबाई म्हणाल्या.

"हसू द्या. लाल कोणं केलं, थेबी सांगजा."

तान्हा पोळा झाल्यावर लाल बाजू काढून घ्यायला डॉक्टर इंजिन घेऊन स्वतः इतवारीत आले. रुपरावांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. इंजिन हातात घेतलं नाही.