दोन व्याही आणि एक परराष्ट्र धोरण

माझ्या वडिलांना आणि सासऱ्यांना एकाच वेळी सिंगापूरला बोलावण्याची कल्पना माझी होती. बायकोने तेव्हाच विचारलं होतं, "तुला नक्की कळतंय ना तू काय करतोयस?" मी म्हणालो, दोघंही एकटे आहेत, निवृत्त आहेत, एकमेकांना सोबत होईल. ती म्हणाली, "सोबत होईल हे खरं आहे," आणि तिकिटं काढायला बसली.

ते वर्ष दोन हजार चौदा. भारतात नुकतीच लोकसभेची निवडणूक होऊन सत्ता बदलली होती. वडील वीज मंडळातून निवृत्त झालेले आणि गेलेल्या पक्षाचे. सासरे बँकेतून निवृत्त झालेले आणि आलेल्या पक्षाचे. दोघं पुण्यात एकमेकांपासून दोन चौकांवर राहायचे, पण पंधरा वर्षांत त्यांची गाठ फक्त लग्नकार्यात पडायची. तिथे जेवणाच्या पंगतीपलीकडे राजकारण जात नसे. आता जुलैच्या शेवटी ते आमच्या हौगांगच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, नवव्या मजल्यावर, एका खोलीत दोन पलंगांवर आले.

व्याह्याशी भांडायची आपल्याकडे सोय नाही. त्यामुळे दोघं अत्यंत आदराने एकमेकांचा अपमान करत.

"व्याहीबुवा, आपला व्यासंग दांडगा," सासरे म्हणायचे. "फक्त एखादा दिवस दुसरंही वर्तमानपत्र उघडून बघा."

"आपण सांगताय म्हणजे बघायलाच हवं," वडील म्हणायचे. "आपल्याला काय, आता सगळं चांगलंच दिसणार. नवीन चष्मा आहे."

हे सगळं सकाळी सात वाजता, दाराबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. घरात आमची मुलगी शाळेची तयारी करत असे, म्हणून बायकोने त्यांना चहासकट बाहेर बसवलं होतं. दोघांनाही थोडं कमी ऐकू यायचं, त्यामुळे आवाज सुमारे सातव्या मजल्यापर्यंत जायचा.

मी स्वतः मध्यममार्गी. हे मी तेव्हा अभिमानाने सांगायचो. मला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं. बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात माझं कामच ते होतं: विकणारे आणि बनवणारे यांच्या मधोमध बसून दोघांना मान डोलावणं. दोघा म्हाताऱ्यांनी मात्र मला पहिल्याच आठवड्यात निकालात काढलं. "हा लहानपणापासून असाच," वडील सासऱ्यांना म्हणाले. "गोट्या खेळताना कुणाच्या बाजूने आहे ते डाव संपल्यावर सांगायचा."

सासरे खळखळून हसले. जावयाला हसायची एवढी चांगली संधी त्यांना आजवर मिळाली नव्हती.

ऑगस्टमध्ये मुलीने जेवताना जाहीर केलं की ती शाळेच्या वादविवाद संघात आहे आणि तीन आठवड्यांनी स्पर्धा आहे. ती चौदा वर्षांची होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत यायचं. विषय असा होता: सरकार दुभंगलेलं असेल, म्हणजे अमेरिकेसारखा अध्यक्ष एका पक्षाचा आणि संसद दुसऱ्याची, तर परराष्ट्र धोरण दोन्ही पक्षांनी मिळून ठरवावं की नाही. कुठली बाजू मांडायची ते आयत्या वेळी नाणेफेकीने ठरणार, पण बाईंनी सांगितलं होतं की आधी 'मिळून ठरवावं' या बाजूची तयारी करा.

दोघं आजोबा पोळीचा घास हातात धरून ताठ बसले.

"म्हणजे देशाबाहेरच्या गोष्टीत विरोधकांनी सरकारच्या पाठीशी उभं राहावं," सासरे म्हणाले. "शंभर टक्के मान्य."

"म्हणजे विरोधकांना विचारल्याशिवाय सरकारने बाहेर एक पाऊल टाकू नये," वडील म्हणाले. "शंभर टक्के मान्य."

"दोघंही बरोबर आहेत," मी म्हणालो.

"डॅड, दे आर सेइंग ऑपोझिट थिंग्ज लाह," मुलगी म्हणाली आणि आमटी वाढून घेतली.

त्या दिवसापासून तिला दोन शिक्षक मिळाले. एक शाळेतून आल्यावर, एक जेवण झाल्यावर. एकाने शिकवलेलं दुसरा खोडून टाकायचा, अर्थात आदराने.

अशातच शेजारचे अंकल दारात आले. निवृत्त टॅक्सीवाले, चिनी, बनियन आणि अर्धी चड्डी हा बारमाही पोशाख. त्यांच्या दाराबाहेर वेताचा पिंजरा टांगलेला असे आणि त्यात एक हिरवट, डोळ्यांभोवती पांढरं कडं असलेला इवलासा पक्षी. आपल्याकडचा चष्मेवालाच तो. वडिलांनी पहिल्याच दिवशी ओळखला होता. तिथले लोक असे पक्षी पाळून त्यांच्या गाण्याच्या स्पर्धा लावतात, आणि अंकलच्या पक्ष्याची स्पर्धा अगदी तोंडावर आली होती.

"युअर टू अंकल," ते मला म्हणाले, "एव्हरी मॉर्निंग टॉक, टॉक, टॉक. नाऊ माय बर्ड नो सिंग."

पक्षी खरंच गप्प होता. पिसं फुगवून दांडीवर बसला होता आणि आमच्या दाराकडे बघत होता, निदान मला तरी तसं वाटलं.

संध्याकाळी घरात बैठक झाली. वडील म्हणाले, शेजारी आहे, जाऊन माफी मागू आणि विषय मिटवू. सासरे म्हणाले, कॉरिडॉर सगळ्यांचा आहे. आज पक्ष्यासाठी गप्प बसलो तर उद्या तो मासा पाळेल आणि म्हणेल श्वास घेऊ नका.

"हेच तुमचं," वडील म्हणाले. "शेजाऱ्याला डोळे वटारून दाखवायचे."

"आणि हेच आपलं," सासरे म्हणाले. "शेजाऱ्याने दार वाजवलं की आधी पाया पडायचं."

मी सुचवलं की सोमवार, बुधवार, शुक्रवार कॉरिडॉरमध्ये बोलावं आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार बोलू नये. रविवारचं नंतर बघू. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आल्यापासून पहिल्यांदा एकमताने एक प्रस्ताव फेटाळला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात, बायको तिच्या रॅफल्स प्लेसच्या बँकेत, मुलगी शाळेत. घरी फक्त ते दोघं. दहा वाजता वडील बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन अंकलच्या दारात गेले आणि छातीवर हात ठेवून "सॉरी, सॉरी" म्हणून आले. ही गोष्ट त्यांनी व्याह्यांना सांगितली नाही. अकरा वाजता सासरे, कॉरिडॉरमध्ये वस्तू टांगून वाट अडवू नये असा खालच्या सूचना फलकावरचा नियम कागदावर उतरवून, तो कागद घेऊन त्याच दारात गेले. हीही गोष्ट त्यांनी व्याह्यांना सांगितली नाही.

संध्याकाळी लिफ्टमधून बाहेर पडलो तर अंकल एका हातात डबा आणि एका हातात कागद घेऊन माझी वाट बघत उभे.

"वन अंकल गिव्ह स्वीट," ते म्हणाले. "वन अंकल गिव्ह वॉर्निंग. युअर हाऊस वॉन्ट व्हॉट?"

मी काहीतरी पुटपुटलो. मागून मुलगी शाळेच्या दप्तरासकट आली, तिने सगळं ऐकलं आणि घरात शिरल्या शिरल्या दोन्ही आजोबांना सोफ्यावर बसवलं. त्या दिवशी ती चक्क मराठीत बोलली. "हाच माझा पॉइंट आहे! आतमध्ये कितीपण भांडा. दाराच्या बाहेर एकच बोलायचं. नाहीतर अंकलला कळणार कसं की आपण फ्रेंड आहोत की एनिमी?"

दोघंही खजील झाले. ती रागावली म्हणून की मराठीत बोलली म्हणून, ते सांगता येणार नाही. संयुक्त पत्र लिहायचं ठरलं. मसुदा अर्थातच माझ्याकडे आला.

'आम्ही माफी मागतो' असं मी लिहिलं. सासऱ्यांनी हरकत घेतली, कारण गुन्हा सिद्ध झालेला नाही. 'आम्हांला खेद वाटतो' असं केलं. वडील म्हणाले, हे वीज मंडळाच्या नोटिशीसारखं वाटतं, मी अशा हजारो पाठवल्या आहेत आणि मला कधी खेद वाटला नव्हता. 'आवाज' हा शब्द सासऱ्यांना नको होता, 'चर्चा' हा वडिलांना. दोन तासांनी सगळ्यांना चालेल असं एकच वाक्य उरलं. ते मी इंग्रजीत, चांगल्या कागदावर, सुवाच्य अक्षरात लिहिलं: आम्हांला आपल्या पक्ष्याच्या गाण्याबद्दल आदर आहे. खाली दोघांच्या सह्या.

खरं सांगतो, मला त्या वाक्याचा अभिमान वाटला होता. अशा दोन माणसांच्या सह्या एका कागदावर आणणं सोपं नव्हतं.

दोघं आजोबा, मुलगी आणि मी असे चौघं अंकलकडे गेलो. त्यांनी कागद वाचला. मग उलटून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं.

"ओके," ते म्हणाले. "सो टुमॉरो टॉक, ऑर नो टॉक?"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. ते कुणी ठरवलंच नव्हतं.

"थोडं थोडं," मी म्हणालो.

"लिटल बिट टॉक?" अंकलनी विचारलं. त्यांचा चेहरा पाहून वडीलच पुढे झाले आणि म्हणाले, "नो टॉक." सासऱ्यांनीही होकारार्थी मान डोलावली.

पुढचे चार दिवस कॉरिडॉरमध्ये शांतता होती. दोघं शेजारी शेजारी बसून एकमेकांना फोनवरून मेसेज पाठवत. वडिलांनी एका बोटाने टाइप करून मेसेज पाठवायचा, सासऱ्यांचा फोन मांडीवर थरथरायचा, ते वाचायचे, नाक फुगवायचे आणि उत्तर शोधायला लागायचे. बायको म्हणाली की तिचे बाबा इतके दमलेले तिने बँकेच्या वर्षअखेरीलाही पाहिले नव्हते.

पक्षी तरीही गायला नाही.

पाचव्या दिवशी अंकल एक मोठा पोमेलो, म्हणजे आपलं पपनस, घेऊन आले आणि दाराशी घुटमळले. त्यांनी पक्षी एका जाणत्या मित्राला दाखवला होता. पक्षी पिसं टाकत होता. वर्षातून एकदा टाकतो, आणि तेवढे दिवस गात नाही. या वेळी जरा लवकर सुरू झालं, म्हणून त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. "नॉट यू," ते म्हणाले. "फेदर."

दार लागल्याबरोबर वडील उसळले. "म्हणजे चार दिवस मी तोंड शिवून बसलो ते पिसांसाठी? आता त्याने लेखी माफी मागायला हवी!"

"जाऊ द्या हो व्याहीबुवा," सासरे पोमेलो सोलत म्हणाले. "शेजारी आहे."

स्पर्धेच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दोघं आजोबा इस्त्रीचे शर्ट घालून शाळेच्या सभागृहात दुसऱ्या रांगेत बसले. नाणेफेक झाली आणि आमच्या मुलीच्या संघाला नेमकी उलटी बाजू मिळाली: परराष्ट्र धोरण दोन्ही पक्षांनी मिळून ठरवू नये. सासऱ्यांनी कपाळावर हात मारला. तयारीला संघाला फक्त अर्धा तास होता.

ती तिसरी बोलायला उठली. सुरुवातीला अमेरिकेबद्दल काही बोलली, आणि मग म्हणाली, आता मी आमच्या घरातलं उदाहरण देते. तिने सगळं सांगितलं. लाडू, नियमाचा कागद, दोन तासांचा मसुदा, आणि शेवटी उरलेलं वाक्य. ते वाक्य तिने हळू वाचून दाखवलं. सभागृह हसलं. "दोन्ही बाजूंना चालेल असं वाक्य सापडलं," ती म्हणाली, "पण अंकलनी विचारलं, उद्या बोलणार की नाही, तेव्हा कुणाकडे उत्तर नव्हतं. कारण आम्ही एकमत केलं होतं, निर्णय घेतला नव्हता."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "हे वाक्य माझ्या वडिलांनी लिहिलं. ते मध्यममार्गी आहेत. त्यांना दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात. म्हणून आमच्या घरात त्यांना कुणीच काही विचारत नाही."

सगळ्यात मोठ्याने कोण हसलं ते मला बघायची गरज नव्हती. माझ्या दोन्ही बाजूंना तेच बसले होते.

संघ हरला, पण उत्तम वक्त्याचं बक्षीस तिला मिळालं. परतताना बसमध्ये दोघं आजोबा पुढच्या सीटवर बसून परीक्षकांच्या बेअकलेबद्दल एका सुरात बोलत होते. मी तिच्याशेजारी बसलो. दोन स्टॉप गेल्यावर विचारलं, "तुला खरंच असं वाटतं माझ्याबद्दल?"

"डिबेट आहे, डॅड. टॉस दुसरा पडला असता तर तू हीरो होतास. ते स्पीच पण रेडी होतं."

मला बरं वाटावं की वाईट, ते ठरेना. तीच पुढे म्हणाली, "पण यू शुड हॅव आस्क्ड अंकल. लिहायच्या आधी. तुम्ही दोन तास दोन्ही आजोबांना काय पाहिजे तेच विचारत होता. अंकलला काय पाहिजे ते नोबडी आस्क्ड."

मी खिडकीबाहेर बघत बसलो.

सप्टेंबरच्या शेवटी दोघांनी एकदम सांगितलं की त्यांना परत जायचं आहे. सिंगापूरमध्ये राहायच्या पासची मुदत अजून शिल्लक होती, पण महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक लागली होती आणि दोघांनाही मतदान करायचं होतं. मी समजावून पाहिलं. "तुम्ही दोघं एकाच मतदारसंघातले. एकाचं मत इकडे, एकाचं तिकडे. दोघंही गेला नाहीत तरी निकाल तोच. मग राहा ना आणखी दोन आठवडे."

हिशेब म्हणून तो चोख होता, असं मला आजही वाटतं. वडील बॅग भरताना थांबले आणि सासऱ्यांना म्हणाले, "बघा. हे आमचं शिक्षण." सासरे म्हणाले, "आपला दोष नाही. मुलगी आम्ही डोळे उघडे ठेवून दिली होती."

एकाच विमानाने, शेजारच्या सीटांवर बसून ते गेले. मतदानाच्या दिवशी दुपारी बायकोच्या फोनवर फोटो आला: एका रिक्षात बसलेले दोघं, शाई लावलेली बोटं वर करून. फोटो रिक्षावाल्याने काढला होता, म्हणून थोडा हलला होता. बायकोने तो छापून फ्रिजवर लावला. त्या वेळी माझं नाव पुण्याच्या मतदार यादीत होतं आणि मी हौगांगमध्ये होतो. मुलीने विचारलं, "डॅड, तू गेला असतास तर कुणाला दिलं असतंस?"

मी बराच वेळ विचार करून एका पक्षाचं नाव सांगितलं. खरंखुरं, स्पष्ट. कुठल्या ते इथे लिहीत नाही, कारण ते ऐकून बायको भाजी चिरायची थांबली आणि रात्रीच्या जेवणापर्यंत माझ्याशी बोलली नाही.