गल्लीतला एकमेव तटस्थ माणूस

गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक दुकानावरची पाटी पेंटरच्या हातची. वळणदार अक्षर, अक्षराला बारीक सावली, आणि सावली सगळीकडे एकाच अंगाला. वडिलांनी हात धरून शिकवलेलं हे काम त्याने जन्मभर केलं. पुढे छापील फलक आले आणि त्याच्या वाट्याला लोखंडी कपाटांवरची नावं आणि जुन्या पाट्यांची डागडुजी उरली. त्याचंही त्याला फारसं वाईट वाटलं नाही. यंत्रावर रागावून करणार काय? डोळ्यांत खुपत होता तो साडू.

साडू सुतार. दिवसभर दारं-खिडक्या करायचा आणि संध्याकाळी नगरपालिकेच्या जुन्या सभागृहात नाटकाचा वर्ग चालवायचा. सभागृह, दिवे आणि वर्षाकाठी एका प्रयोगाचा खर्च नगरपालिका द्यायची. तेवढ्या भांडवलावर या माणसाने अख्खी गल्ली खिशात घातली होती. रस्त्यात कुणीही भेटलं की पेंटरला ऐकावं लागे, "काय कमाल आहे हो तुमच्या साडूंची!" पेंटर तोंडभर हसायचा आणि दुकानात येऊन ब्रश जरा जास्तच जोरात झटकायचा.

हे कमी होतं म्हणून की काय, त्याची बायकोही तिकडे जायला लागली. घरी ती जी चार वाक्यं बोले, त्यातली तीन "दाजी म्हणाले" इथून सुरू होत. पेंटरने सभागृहाची पायरी चढायची नाही असं ठरवलं आणि ते नेटाने पाळलं.

अशात नगरपालिकेने काटकसर काढली. अनुदान चालू ठेवायचं की नाही, यावर सुनावणी ठेवली. सुनावणीचा नियम होता: ज्याचा त्या कामात हात आहे, त्याने बोलायचं नाही. बाजूने बोलायला त्याच वस्तीतला, पण कामाबाहेरचा माणूस हवा. नियम चांगलाच होता. पण गल्लीत असा माणूसच उरला नव्हता. जो स्टेजवर नव्हता तो पडदा ओढत होता, आणि जो पडदा ओढत नव्हता तो दारावर उभा राहत होता.

साडू घरी आला. खुर्चीच्या कडेवर टेकला.

"साडूभाऊ, तुमच्याशिवाय कुणी नाही."

"वा! एवढी गल्ली तुमच्या मागे, आणि बोलायला माणूस मिळेना?"

"तीच तर पंचाईत झालीय. सगळेच नाटकात."

आतून बायको म्हणाली, "जातील ते. कधी पाय ठेवला नाही ना तिकडे, म्हणून तर चालतात."

"बघतो," पेंटर म्हणाला. चेहरा त्याने गंभीर ठेवला, पण आतून त्याला उकळ्या फुटत होत्या. साडूची नाडी आज त्याच्या हातात आली होती. भर सभेत चार शब्द आखडते घेतले की झालं.

पण बोलायचं तर पाहायला हवं. म्हणून तो एका तालमीला गेला आणि मागच्या रांगेत बसला. स्टेजवर गिरणीवाली आणि औषधाच्या दुकानाचे मालक बहीण-भाऊ झाले होते. सामाईक भिंतीवरून या दोघांनी कित्येक वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. आता ते नाटकातल्या घरावरून भांडत होते, आणि भांडण इतकं रंगलं की दोघांनाही हसू आवरेना. मग पेंटरची बायको आली. अंगात पुरुषी सदरा. काम रुसक्या नवऱ्याचं. ती दारात उभी राहिली, दुसऱ्याच्या घराकडे मान तिरकी करून पाहिलं, कानाची पाळी चोळली आणि नाकातून म्हणाली, "बरं आहे. आमचं काय!"

सभागृह हसून लोळायला लागलं. पेंटरचा हात कानाकडे चालला होता, तो अर्ध्यात थांबला.

"हे कुठून आणलंस?" साडूने विचारलं.

"घरून," ती म्हणाली. पुन्हा हशा.

पेंटरच्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्याहून वाईट म्हणजे, स्टेजवरच्या त्या रुसक्यावर सगळी माणसं खूश होती, आणि खुर्चीतल्या रुसक्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचाच हेवा वाटला.

घरी जाताना त्याने विचारलं, "तो मी काय?"

"कोण?"

"तो कान चोळणारा."

ती चालतच राहिली. "इतकी वर्षं दुसऱ्या कुणाकडे बघितलं असतं, तर दुसऱ्या कुणाचं केलं असतं."



सुनावणीला साडू शेवटच्या बाकावर, जमिनीकडे बघत बसला होता. शेजारी पेंटरची बायको. एक सदस्य तावातावाने म्हणाले, "नाटकाने खड्डे बुजतात का?"

पेंटर उठला. "नाही बुजत. उलट माझं नुकसानच झालं. संध्याकाळी दुकानासमोर चार माणसं बसायची, ती तिकडे गेली. गिरणीवाली माझ्याकडे येऊन औषधवाल्यांना शिव्या द्यायची, ती आता त्यांनाच चहा पाजते. आमच्या गल्लीतले हेडमास्तर बायको गेल्यापासून खिडकी उघडत नव्हते. मी दार वाजवून थकलो, आणि या माणसाने त्यांना पडदा ओढायला नुसतं बोलावलं, तर ते सगळ्यांच्या आधी जाऊन बसतात. माझी बायको घरी हसत नाही, तिथे हसते. मला काय वाटत असेल?"

सभेत हशा पिकला. अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. "म्हणजे अनुदान बंद करावं, असं तुमचं म्हणणं?"

साडूने मान वर केली नाही. एक "हो" म्हटलं की काम तमाम. तो "हो" पेंटरच्या जिभेवर आलाही होता. त्याने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

"नाही, बाई," तो म्हणाला. "माझ्या एकट्याच्या पोटात दुखतं म्हणून गल्लीचं कशाला बंद करता? आमचा रस्ता गुळगुळीत होता, तेव्हाही गिरणीवाली आणि औषधवाले तोंड फिरवूनच जायचे. आता वर्गाला फी लावा म्हणाल, तर हेडमास्तर भरतील, गिरणीवाली नाही भरणार. मग नाटकातला भाऊ कुणाशी भांडणार? सगळ्यांना एका खोलीत बसवायचं तर खोली सगळ्यांची असावी लागते. ती एकटा साडू देऊ शकत नाही, तुम्ही देऊ शकता. रस्त्यावर दिवे लावता, तेव्हा कुणाच्या दारात किती उजेड पडला ते विचारता का?"

खड्डेवाले सदस्य म्हणाले, "अहो, तुम्ही जळून बोलताय की बाजूने?"

"दोन्ही."

अनुदान वर्षभरासाठी राहिलं. अध्यक्षबाईंनी निकाल वाचला आणि साडूला बजावलं, "पुढच्या वर्षीही यांनाच पाठवा. असा माणूस शोधून सापडायचा नाही."

बाहेर सगळ्यांनी साडूला मिठ्या मारल्या. पेंटरच्या पाठीवर फक्त हेडमास्तरांनी थाप मारली. गर्दी पांगल्यावर पेंटरने घसा साफ केला.

"साडूभाऊ, त्या रुसक्या नवऱ्याला नाटकात एखादा भाऊबिऊ नाही का?"

साडू थबकला. मग त्याला हसू फुटलं. "आहे की. तुम्हाला शोभेलही. पण तुम्ही स्टेजवर पाय ठेवलात, तर पुढच्या वर्षी बोलणार कोण? आता तुम्हाला बाहेरच राहायला हवं."

"म्हणजे दरवर्षी?"

"दरवर्षी."

"ऐका!" बायको म्हणाली, आणि तोंडावर पदर घेऊन खुदकन हसली.

संध्याकाळी गल्ली रिकामी झाली. पेंटरने ब्रश धुतले, दुकान बंद केलं आणि तोही निघाला. सभागृहात सगळ्यांत मागे बसून त्याने हाताची घडी घातली. समोरची मजा बघून तो जळत राहिला, पण तालीम संपेपर्यंत जागचा हलला नाही.