होर्डिंगवरची मुलगी कुणाची?

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. डबे उघडतात, एकानं एक सांगितला की दुसऱ्याला राहवत नाही, आणि लंच संपेपर्यंत ढीग होतो. माझ्याकडचा ढीग मात्र एकाच मुलीचा आहे. आणि गंमत म्हणजे, ती मुलगी नव्हतीच!

मी मूळची गंगापूरची, शहरात गारखेड्यात रूम करून मार्केटिंग शिकते. साड्यांच्या एका मोठ्या कंपनीत कॉलेजनं मला काही आठवडे पाठवलं. काम काय, तर मार्केटिंगच्या कदम मॅडम आणि डिझायनर फैयाजभाई जिथं जातील तिथं मागं मागं जायचं आणि बघायचं. गेटवरचे वॉचमनकाका रोज विचारायचे, "काय सावलीबाई, आज कुणाच्या मागं?"

*

दिवाळीच्या होर्डिंगसाठी मॉडेल बजेटात बसेना. म्हणून फैयाजभाईंनी कॉम्प्युटरला सांगितलं, विशीतली, पैठणी नेसलेली, हसरी मुलगी तयार कर. आलेल्या सगळ्या सिरियलमधल्या सुनाच!

"अरे, आपल्या बसस्टँडवर दिसते तशी दे ना!" मॅडम वैतागल्या.

मग ही आली. सावळी, बारीक चणीची, आणि हसणं असं की कुणीतरी 'हस' म्हणून दटावलंय.

"हीच! ना चहा मागणार, ना नखरे करणार!" मॅडम खूश.

फैयाजभाईंनी तिला अजून हसवायचा खूप प्रयत्न केला. ओठ रुंदावायचे, डोळे काही हसायचे नाहीत. शेवटी ते म्हणाले, "जाने दो. नै हसना है उसको."

*

तिचाच माणसाएवढा पुठ्ठ्याचा कटआउट ऑफिसखालच्या आमच्याच दुकानाच्या दारात उभा केला. दुपारी जेवताना सेल्सच्या मुली त्याचं तोंड भिंतीकडं फिरवून ठेवायच्या. मॅडमनी झापलं, तर एक म्हणाली, "घास तोंडात घातला की ती बघती हो मॅडम. उपाशी असल्यावानी."

जेवण आटपून मुली बाहेर यायच्या, तर ती पुन्हा दाराकडं बघत उभी! "मी नाय फिरवलं," प्रत्येकीचं तेच. वॉचमनकाकांनी तर शपथच घेतली.

मॅडम म्हणाल्या, "गिऱ्हाइकाकडं तोंड करून उभी राहते. तुमच्यापेक्षा बरीये!"

सगळे हसलो. पण त्या दिवसापासून मी मागच्या दारानं आत जायला लागले, हे कुणाला सांगितलं नाही.

*

होर्डिंग लागलं आणि तिला ओळखणारे यायला लागले. एक रिक्षावाले म्हणाले, "ही पोरगी माझ्या रिक्षात बसली व्हती." एका शिक्षिकेनं विचारलं, "आमच्या शाळेतली ना ही? लग्न झालं का तिचं?"

मॅडमना आनंद झाला. मीटिंगमध्ये म्हणाल्या, "लोकांना ती घरची वाटते. याला म्हणतात कॅम्पेन!"

मग सुमनमावशी आल्या.

*

त्या खुलताबादहून आल्या होत्या. होर्डिंग त्यांना एसटीतून दिसलं होतं. काउंटरला पिशवी टेकवून त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या दीक्षाचा पत्ता द्या."

दीक्षा एमआयडीसीत मुलाखतीला म्हणून घरातून निघाली, ती परत आलीच नव्हती. दोन दिवाळ्या झाल्या. पोलिसात तक्रार होती, शोधही झाला होता, हाती काही लागलं नव्हतं.

मॅडमनी त्यांना पाणी दिलं, जवळ बसवलं. "मावशी, ही मुलगी खरी नाहीये. कॉम्प्युटरनं काढलीये."

"खरी नाय, तर मग साडी कुणाला नेसवली?"

मॅडमनी त्यांचा ग्लास पुन्हा भरला.

त्यानंतर दर आठवडी बाजाराच्या दिवशी मावशी यायच्या. कटआउटसमोर स्टूल घेऊन बसायच्या, जाताना पुठ्ठ्याच्या गालावरून हात फिरवायच्या. कुणी त्यांना हटकलं नाही. मला त्यांच्याकडं बघवायचं नाही. माझी आई अशीच बसली असती.

*

आता शेवटचा. दिवाळी संपली, कटआउट काढायची वेळ आली. मावशी म्हणाल्या, "ती कुठंय ते सांगा, मग काढा."

गिऱ्हाइकाला पटत नसेल तर डेमो द्या, हे आमच्या मार्केटिंगवाल्यांचं ठरलेलं औषध. मॅडम म्हणाल्या, "फैयाज, मावशींच्या डोळ्यांसमोर एक मुलगी बनवून दाखव. त्यांचा जीव तरी या खेळातून सुटेल."

फैयाजभाईंनी मावशींना शेजारच्या खुर्चीवर बसवलं. तेच शब्द टाकले. विशीतली, पैठणी नेसलेली, हसरी, आपल्याकडची. बटण दाबलं. स्क्रीनवर आधी नुसता धुरकट रंग, मग केस, मग डोळे. वेगळीच मुलगी आली. गोल चेहरा, नाकात चमकी, भुवईवर बारीक खूण.

फैयाजभाई समजावून सांगायला लागले, "देखो मावशी, ही पण कुठंच नाही. आत्ता तुमच्यासमोर बनली. तशीच ती."

मावशी पुढं वाकल्या. भुवईवरच्या खुणेवर बोट ठेवलं.

"ही रेश्मा," त्या म्हणाल्या. "आमच्या गल्लीतली. त्या दिवशी दीक्षासंगं एकाच जीपमधी बसली व्हती."

मॅडमनी माझं मनगट घट्ट धरलं. फैयाजभाईंनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

मावशींनी पदरानं डोळे पुसले, खुर्ची स्क्रीनच्या अजून जवळ ओढली.

"आता तिसरी दाखवा, भाऊ. तिघी गेल्या व्हत्या."