तार सुटलेलं दूध

जेवताना वाचायची सवय असेल तर हे जेवण उरकल्यावर वाचा. थट्टा करत नाहीये. इतकी वर्षं झाली, पण आजही लिहायला बसले की घशाशी येतं...

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. कसा असणार? भुतांच्या पिक्चरवर तर आमची चूल पेटायची! आमचे हे भोरला टूरिंग टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. नदीच्या अंगाला मोकळ्या रानात तंबू लागायचा, तो दिवाळीनंतर लागला की पाऊस तोंडावर येईपर्यंत. संस्थान जाऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. ज्या भुताला बघून माणसं किंचाळायची, ते भूत पत्र्याच्या डब्यात गुंडाळी होऊन पडलेलं मी रोज बघायचे, ह्यांना जेवणाचा डबा द्यायला जायचे तेव्हा.

मला पिक्चर फुकट, पण पडद्याच्या मागच्या बाजूने. तिथून सगळं उलटं दिसतं. अक्षरं उलटी, उजव्या हाताने जेवणारा माणूस डाव्या हाताने जेवतो. होते सवय.

आमच्या गल्लीतल्या बायकांना तंबूत जायची परवानगी नव्हती, त्यातून भुताच्या पिक्चरला तर नाहीच नाही. मी शिवणकाम करायचे. दुपारी मशीनवर बसले की एकेक जण यायची. “भाबी, नवीन आलाय म्हणे... सांगा की!” मग मी मशीन थांबवून सांगायचे. नुसतं सांगायचे नाही, करून दाखवायचे — दाराची करकर, कुत्र्याचं रडणं, हिरोईनचे हुंदके. मी केलेलं भूत तंबूतल्यापेक्षा भारी असतं असं बायका म्हणायच्या, आणि मला ते फार आवडायचं.

त्या थंडीत एक पिक्चर आला. नाव लिहीत नाही. एका श्रीमंत माणसाने पहिल्या बायकोला तळ्यात बुडवून मारलेलं असतं आणि तो दुसरी करून आणतो. ती नवी नवरी पहिल्याच रात्री दुधाचा पेला तोंडाला लावते. जिभेला काहीतरी लागतं. ती चिमटीत धरून ओढते — केस. ओला, काळा, लांब. ओढते, ओढते, संपतच नाही... पेल्यातून येतोय की तिच्या पोटातून, तेच कळत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने पदरात ओकारी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याकडे चौघी जमल्या होत्या. त्यांत कंपाउंडरची बायको इंदूताई होती, मांडीवर चार महिन्यांचं बाळ. तिला अंगावर दूध नव्हतं, बाळ वरच्या दुधावर होतं. त्या प्रसंगापाशी आले तेव्हा मी काय केलं... पांढऱ्या दोऱ्याचं गुंडाळं आधीच गालात धरून ठेवलं होतं. वाटीतल्या दुधाचा घोट घेतला आणि मग दोऱ्याचं टोक धरून तोंडातून ओढायला लागले. दुधाने आणि लाळेने भिजलेला दोरा, हनुवटीवरून ओघळ चाललेत, आणि मी डोळे पांढरे करून ओढतेय, ओढतेय.

“ई... भाबी, पुरे!” असं ओरडत होत्या, पण एकीनेही नजर काढली नाही.

तेवढ्यात दारात सगुणाबाई उभ्या. ह्या आमच्या दूधवाल्या. भोरच्या वर डोंगराच्या पदरावर धनगरांची आठ-दहा घरांची वस्ती होती, तिथून दोन चरव्या डोक्यावर घेऊन रोज उतरायच्या. पन्नाशीच्या असतील. गल्लीतली नऊ घरं त्यांचंच दूध घ्यायची. त्या दिवशी शिवायला टाकलेली चोळी न्यायला परत आल्या होत्या.

“भाबी, ह्ये काय?”

“पिक्चरमधलं आहे हो.”

“पिक्चर ऱ्हाऊंद्या. दुधाचं आसलं काय बोलू न्हाई. करून तर दावूच न्हाई.”

मी तोंड पुसलं असतं तर विषय संपला असता. पण समोर बायका होत्या ना! मी उरलेलं टोक हातभर ओढून काढलं आणि म्हटलं, “हे बघा सगुणाबाई, तुमच्याच दुधात निघालं!”

बायका इतक्या हसल्या की इंदूताईचं बाळ दचकून उठलं. सगुणाबाईंनी चोळी उलगडूनही बघितली नाही, काखेत मारली आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्यासारखं दूध आलं. मी तापवलं, चांगलं वर आलं. चहात घालायला पळी बुडवून उचलली... तर दूध पळीबरोबर उठलं. भांड्यापासून पळीपर्यंत पांढरी तार, वीतभर. पळी आणखी वर नेली, तार लांबली, तुटेना. शेवटी नखाने तोडली. तर खालचं टोक सळकन आत गेलं, गांडुळासारखं. वास आंबट नव्हता. ओला अंबाडा तसाच बांधून ठेवला की दोन दिवसांनी केसांना येतो ना, तो वास.

मी ते उकिरड्यावर ओतलं. नासलं असेल म्हटलं, झालं. पण दुपारपर्यंत त्या चौघीही माझ्या दारात. चौघींच्या घरी तेच. गल्लीतल्या बाकीच्या चार घरांनी मात्र त्याच चरवीतल्या दुधाचा चहा करून पिऊनही टाकला होता.

आता तुम्ही म्हणाल, भांडी. मीही तेच म्हटलं. राखेने घासली, उकळत्या पाण्याने धुतली, उन्हात वाळवली. मी तर नवं पातेलं काढलं. दुधाला अशी तार सुटते, तो एक रोगच असतो, असं पुढे एका डॉक्टरांनी मला सांगितलं. असेल. पण माझ्याकडे त्या दुपारी कोण कोण बसलं होतं हे रोगाला कसं कळलं?

तिसऱ्या दिवशी इंदूताईच्या बाळाला, तार गाळून पाजलेल्या दुधाची उलटी झाली. मी बघितलीय. लिहिलं नाही तर बरं, पण लिहिते — ओठाच्या कोपऱ्यातून तार लोंबत होती, आणि इंदूताई ती बोटाला गुंडाळून ओढत होती, रडत रडत. लेकरू निळंजांभळं झालं होतं.

त्या सकाळी सगुणाबाई गल्लीत शिरल्या तशी इंदूताई धावून गेली. “काय घातलंस दुधात? त्या दिवशी हसलो म्हणून डाव धरलास होय? माझ्या लेकरावर?” वयाने आईएवढ्या बाईला अगंतुगं! तिने एक चरवी ओढून गटारात पालथी केली. दूध पाण्यासारखं वाहून गेलं, एक तार नाही. ते सगळ्यांनी बघितलं आणि कुणीच बोललं नाही. मी दारात उभी होते. दोरा माझ्या तोंडातून निघाला होता, पण मीही बोलले नाही.

सगुणाबाईंनी चरवी सरळ केली, पदराने पुसली आणि निघून गेल्या.

मग चौघींनी दुसऱ्या गवळ्याकडून दूध घेतलं. तेच झालं. शेळीचं आणलं, तेच. कंपाउंडरनी दवाखान्यातून डब्यातली दुधाची पावडर आणली. इंदूताईने गरम पाण्यात कालवून चमचा उचलला, तर चमच्याला तार! डॉक्टर बाळाला तपासून म्हणाले, पोटात काही दोष नाही, पाजत राहा. काय पाजणार? भाताची पेज आणि साखरेचं पाणी ह्यावर चार महिन्यांचं पोर किती तग धरेल? त्याचं रडणं आधी मोठं होतं, मग मांजरासारखं झालं.

मी ह्यांना सांगितलं. ते हसले. “माझ्या रिळात एवढी ताकद असती तर मालकाने पगार वाढवला असता.” पण त्या दिवशी चहा त्यांनीही कोराच घेतला.

सातव्या दिवशी दुपारी मी एकटी डोंगर चढून वस्तीवर गेले. पोचले तेव्हा धारेची वेळ झाली होती. सगुणाबाई म्हशीखाली बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, पण तोंडही फिरवलं नाही.

“लेकरू कसं हाय?” पहिलं हेच विचारलं.

“बरं नाही. सगुणाबाई, मी माफी मागायला आले.”

“बसा. पानी प्या आदी.”

मी म्हटलं, मला तुमच्या डोळ्यांसमोर दूध बघायचंय. त्यांनी कासंडीतून वाटीत ओतून माझ्या हातात दिलं. गरम, वर फेस. बघता बघता फेस बसला. दुधाचा वरचा भाग ताणल्यासारखा झाला. मी वाटी कलती केली तर दूध सांडलं नाही... लोंबलं. माझ्या मनगटाकडे वळलं.

त्यांनी त्याच कासंडीतून दुसरी वाटी भरून स्वतःच्या हातात धरली. ओतली. साधं दूध, पाण्यासारखी धार. तीच वाटी पुन्हा भरून माझ्या हातात दिली. तार. पुन्हा त्यांच्या हातात, साधं. तिसऱ्यांदा मी घेतली तेव्हा ती तार माझ्या करंगळीला चिकटली, आणि कोमट होती, जिवंत असल्यासारखी कोमट. मी गोठ्याच्या कुडाला धरून भडाभडा ओकले. सगुणाबाईंनी मागून माझं कपाळ धरलं.

“म्हंजी माझ्या दुधात न्हाई काय,” त्या म्हणाल्या. “तुमच्या हातात हाय.”

“आणि इंदूताईच्या?”

“त्यांच्याबी आसंल. मला काय ठावं?” त्यांनी चरवी भरली, चुंबळ डोक्यावर ठेवली. “चला. लेकरू उपाशी हाय न्हवं?”

दिवस मावळायच्या आत आम्ही खाली आलो. मी इंदूताईच्या दारात उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं — दूध चांगलं आहे, खोट आपल्यात आहे, दुधाची टवाळी मी केली आणि आपण सगळ्या हसलो. आपल्या हाताने नको, ह्यांच्या हाताने पाजू.

इंदूताई म्हणाली, “माझ्या उंबऱ्याच्या आत नको.”

सगुणाबाई पायरीवर बसल्या. बाळाला मांडीवर घेतलं, बोंडल्यात दूध ओतलं आणि थोडं थोडं त्याच्या तोंडात सोडलं. आम्ही सगळ्या त्याच्या ओठाच्या कोपऱ्याकडे बघत होतो. पोराने अख्खं बोंडलं संपवलं, ढेकर दिला आणि तिथेच त्यांच्या मांडीवर झोपलं. किती दिवसांनी झोपलं होतं ते!

बारा-तेरा दिवस त्या तेवढा डोंगर सकाळ-संध्याकाळ उतरून आल्या. पायरीवर बसायच्या, पाजायच्या, जायच्या. इंदूताईने त्यांना पाणीही विचारलं नाही. मी विचारलं, तर “नगं, उशीर व्हतो” म्हणायच्या.

मग एका सकाळी मी सवयीने पळी उचलली आणि दूध थेंबथेंब खाली पडलं. मी परत परत उचलून बघितलं. साधं दूध. धावत गेले तर चौघींच्या घरीही तेच. त्या दिवशी वेगळं काय घडलं होतं? काहीच नाही. तो पिक्चर तर केव्हाच दुसऱ्या गावाला गेला होता. उतारा नाही, नवस नाही, अंगारा नाही. जसं आलं तसं गेलं.

चार दिवसांनी कळलं, इंदूताईने दुसऱ्या गवळ्याचं दूध लावलंय आणि सगुणाबाईंना बाळापाशी येऊ नको म्हणून सांगितलंय. मी जाऊन विचारलं.

ती बाळाला पाजत होती, स्वतःच्या हाताने. गाल वर आले होते पोराचे. मला म्हणाली, “भाबी, तुम्ही भोळ्या आहात. तिनंच लावलं होतं, म्हणून तर तिलाच काढता आलं.” शेजारी बाकीच्या तिघी होत्या. तिघींनी मान डोलावली. ज्या बोंडल्याने पोर वाचलं ते नदीत टाकून दिलं, असंही एकीने सांगितलं.

मला तिथेच मळमळायला लागलं. गोठ्यातल्यापेक्षा जास्त. पण ओकारी येऊन मोकळं तरी होता येतं. ह्याला तेही नव्हतं.

सगुणाबाईंना हे सांगावं की नाही, कळेना. शेवटी सांगितलं. त्या माझ्या भांड्यात दूध ओतत होत्या. धार मोडली नाही.

“लेकरू पितंय न्हवं?”

“पितंय.”

“मंग झालं,” म्हणाल्या, आणि पुढच्या घराकडे गेल्या.

दुधाला काय झालं होतं हे मला आजही सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारलं, मौलवींना विचारलं, एकदा गाडीत भेटलेल्या शेतकी खात्याच्या साहेबांनाही विचारलं. प्रत्येकाने काहीतरी सांगितलं, पण त्या दोन वाट्यांपाशी आलं की सगळे विषय बदलायचे. पिक्चर सांगणं मी वस्तीवरून उतरले त्याच दिवशी सोडलं. दूध मी घरात घेते, तापवते, मुलांना देते. स्वतः पीत नाही.