वाळत घातलेला बर्फ

बर्फाचा डोंगर मी उन्हात वाळत घातला. तोही कुवेतच्या उन्हात. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे नुकतीच पासष्टी ओलांडली होती, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती.

लेकीकडे फहाहीलला आले होते. लेक-जावई सकाळीच कामावर, नात शाळेत. मग उरायचे मी, एसीची घरघर आणि ओढलेले पडदे. भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन धुवायचं. दिवाळी तोंडावर आलेली. तिकडे रत्नागिरीला पोरं किल्ल्याची माती कालवत असणार आणि इथे माझे हात नुसते शिवशिवत होते. उगाच उठून खालच्या बकाल्यातून, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानातून, कोथिंबीर आणायचे. सकाळी एक जुडी, दुपारी आणखी एक. दुकानदार माझ्याकडे बघून नुसता हसायचा.

सातवीतल्या नातीने शाळेसाठी पिंगो केला होता. ध्रुवाकडच्या गोठलेल्या मुलखात जमिनीखालचं पाणी गोठून फुगतं, वरची माती उचलून धरतं आणि टेकडी तयार होते, तोच पिंगो. पोटात बर्फ, अंगावर माती. पोरीने वाडग्यात बर्फाचा घुमट जमवला, त्यावर चिखल लिंपला आणि ताटासकट फ्रीझरमध्ये सुरमईच्या शेजारी ठेवला. वर्गासमोर बोलायचं म्हटलं की तिचं पोट दुखायचं. या टेकडीच्या जोरावर मात पहिल्यांदाच आपणहून हात वर करून आली होती. दुसऱ्या दिवशी बोलायचं होतं.

दुपारी खोबरं काढायला मी फ्रीझर उघडला. टेकडीची माती काळी, ओली दिसली. माझ्या लेखी तो किल्लाच; आणि किल्ला आधी वाळवायचा, मग सजवायचा, एवढं तर शेंबडं पोरही जाणतं. मी ताट उचलून गॅलरीत नेलं, टेकडीवर आळीव पेरले, बॅगेतून आणलेला मातीचा मावळा शिखरावर उभा केला. मग कित्येक दिवसांनी मला गाढ झोप लागली.

उठले तर शिखर खाली बसलेलं. मधे खड्डा, खड्ड्यात तळं, आणि तळ्यात कमरेइतक्या पाण्यात मावळा पहारा देत होता.

नात एरवी निम्मं मराठी बोलते, रागावली की सगळं इंग्रजी. त्या संध्याकाळी थोडं इंग्रजी ऐकू आलं. खोलीचं दार लागलं. तिने कधी नव्हे तो वर केलेला हात मी खाली पाडला होता. गुपचूप वाडग्यात नवं पाणी भरून फ्रीझरला लावलं, पण सकाळी तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तोच बसका पिंगो खोक्यात घालून, मावळ्यासकट, ती बापाच्या गाडीत बसली.

त्या दिवशी मी गॅलरी ते दार, दार ते गॅलरी अशा येरझाऱ्या घालत राहिले. कोथिंबीर आणली. ती निवडली. पुन्हा आणली. शाळेची बस दिसली तशी चपला न घालता जिन्यात जाऊन उभी राहिले. पोरगी खोकं सांभाळत वर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. मावळा तेवढा काढून तिने माझ्या हातात दिला आणि चक्क मराठीत म्हणाली,

"आजी, खरा पिंगो असाच बसतो, पण त्याला शेकडो वर्षं लागतात. तू एका दुपारीत बसवलास. वर्गात मी हेच सांगितलं. टीचर हसत विचारत होत्या, तुझी आजी भारतात परत कधी जाणार. मी सांगितलं, इतक्यात नाही."