बेल दाबता येईपर्यंत

डॉक्टरांनी छोट्या रबरी हातोडीने माझ्या गुडघ्यावर टकटक केलं. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर केलं, तोही नाही. डॉक्टर सुदानी होते, उंच आणि हळू बोलणारे. हातोडी खिशात टाकून ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, तेव्हाच मला कळलं की काहीतरी मोठं आहे. उभ्याउभ्या सांगण्यासारखं असतं तर ते बसले नसते.

"मॅडम, हे बहुतेक गीयाँ-बारे सिंड्रोम आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "आधी बिघडेल, मग सुधारेल. तुम्ही पुन्हा चालाल, इन्शाल्ला. पण वेळ लागेल."

"आधी बिघडेल" एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. बाकीचं मागाहून आठवलं.

हे नाव तुमच्यापैकी कुणाच्या कानावर पडलं तर घाबरू नका, म्हणून सोप्या भाषेत सांगते. एखादं साधं दुखणं होऊन गेलं की शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा कधीकधी बहकते आणि स्वतःच्याच नसांवर उठते. या नसा म्हणजे मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत पोचवणारे मज्जातंतू. निरोपच पोचत नाही, म्हणून हातपाय हलत नाहीत. डोकं मात्र ठणठणीत असतं. सगळं कळतं आणि काही करता येत नाही.

माझी सुरुवात पोट बिघडण्यापासून झाली. ते आठवड्यात बरं झालं. मग पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मी नव्या चपलांना दोष दिला. इथे आखातात, देऱ्यात खाडीजवळ आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. त्या जिन्यात एक दिवस पाय असे जड झाले की कठडा धरून उभी राहिले. ऑफिसातल्या पठाण ड्रायव्हरने विचारलं, "दीदी, तबियत ठीक नहीं?" मी म्हटलं, वय झालं. वय होतं शेहेचाळीस! दोन दिवसांनी गाडीतून उतरताना पाय खाली टेकला आणि मी सरळ खाली बसले. तर बाई किंवा बुवा जे कोण वाचत असाल, मुंग्या खालून वर चढायला लागल्या तर चपला बदलत बसू नका, डॉक्टर गाठा.

लंबर पंक्चर झालं, म्हणजे पाठीच्या मणक्यातून सुईने पाणी काढून तपासलं. नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. त्यात नसांना बारीक झटके देऊन निरोप किती वेगाने जातो ते बघतात. माझा निरोप रखडत होता. मग इम्युनोग्लोब्युलिनची सलाईन सुरू झाली. ही दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली, बहकलेल्या यंत्रणेला आवर घालणारी प्रथिनं. मल्याळी सिस्टर दर थोड्या वेळाने नळीत फुंकायला लावायची. आजार छातीच्या स्नायूंपर्यंत चढला तर श्वास मशीनवर द्यावा लागतो. सुदैवाने छाती वाचली, पण हात गेले. तोंडाची एक बाजू लुळी पडली. माझं बोलणं मलाच समजेना.

चादरीला पिनेने अडकवलेली एक बेल माझ्या उजव्या हाताशी होती. लाल बटण. सिस्टर रोज प्रेमाने ती माझ्या तळव्यात ठेवायची आणि सांगायची, "काही लागलं की दाब हं चेची." चेची म्हणजे त्यांच्यात ताई. बोटच हलत नव्हतं तर दाबू काय, कपाळ! नाकावर खाज आली, थुंकी घशात अडकली, पाय वेडावाकडा पडला, तरी मला कुणाला बोलावता येत नव्हतं. वॉर्डात सिस्टर मोजक्या आणि आजारी भरपूर. मला चोवीस तास शेजारी माणूस हवं होतं. नवरा, अशोक, रुवैसला रिफायनरीत. त्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवार, म्हणून बुधवारी संध्याकाळी चार तास गाडी हाकत यायचा, शुक्रवारी रात्री परत. मुलगी मुग्धा अकरावीत. ती रात्री माझ्यापाशी झोपायची आणि सकाळी तिथूनच शाळेत जायची. उरला दिवस.

आता इथे मंडळ येतं. मी आमच्या मराठी मंडळाची अध्यक्ष होते. या देशात आम्हाला मत द्यायला मिळतं ती ही एकच जागा, त्यामुळे सगळा जोर आम्ही तिथेच काढतो. गणपतीच्या वर्गणीपेक्षा अध्यक्षपदाची चर्चा जास्त रंगते.

निवडून आल्यावर मी एक नियम केला होता. आमचा एक सभासद, देऱ्यात चौघांच्यात खोली घेऊन राहणारा मुलगा, अपघात होऊन हॉस्पिटलात पडला. खोलीवाले सगळे कामावर. तो दिवसच्या दिवस छताकडे बघत पडून होता हे आम्हाला तो बरा झाल्यावर कळलं. मला ते फार लागलं. मी बैठकीत ठराव आणला की मंडळाचा कुणीही सभासद हॉस्पिटलात असेल तर प्रत्येक कुटुंबाने आळीपाळीने सोबतीला बसायचं. बाईपाशी बाई, पुरुषापाशी पुरुष. सकाळी सात ते दोन, दोन ते रात्री नऊ. सक्तीने. नाही बसलात तर सभासदत्व नाही. लोक त्याला "ड्यूटी" म्हणायला लागले.

काय गहजब झाला म्हणून सांगू! आम्ही लेझीम खेळायला आणि श्रीखंड खायला मंडळात आलो, नर्स व्हायला नाही, असं एका गृहस्थांनी तोंडावर सुनावलं. हळदीकुंकवाला मी दिसले की बायका दुसऱ्या खोलीत सरकायच्या. माझ्याच पॅनेलमधले दोघे फुटले. पुढची निवडणूक मी हरणार हे शेंबडं पोरही सांगत होतं.

विरोधाचं पुढारपण मोकाशीबाईंकडे होतं. शैला मोकाशी, विमा कंपनीत नोकरी, शिस्तीची बाई, जीभ तिखट. तिचा मुद्दा खोटा नव्हता. ती म्हणायची, "ड्यूटी कुटुंबाची म्हणता आणि बसतात बायकाच. आणि सक्ती केली की माणूस येतो, मन येत नाही. ज्याला यायचं तो येईल." मी म्हणायचे, त्या मुलाकडे कोण आलं होतं? अध्यक्षपदाला माझ्याविरुद्ध तीच उभी होती.

आणि निवडणुकीला महिना असताना मी आडवी झाले.

नियमाप्रमाणे माझ्यापाशी बसायची ड्यूटी लागली. आता आली का पंचाईत! अर्धे लोक म्हणाले, बघा, नियमाचा किती उपयोग झाला. अर्धे म्हणाले, बाईंनी स्वतःचीच सोय करून ठेवली होती. पण एकूण माझा भाव वधारला. इतके दिवस तोंड फिरवणारे लोक अशोकला हात धरून विचारायला लागले. माझ्या पॅनेलने सुचवलं की सभेत माझ्या आजाराची माहिती देऊन मतं मागावीत. मी मुग्धाला बाराखडीचा कागद धरायला लावून, हव्या त्या अक्षरावर डोळे मिटत, "नको" म्हणून सांगितलं. मग निवडणुकीच्या तारखेबद्दल सांगायला लागले तर ती वैतागली. "आई, डोन्ट रन द मंडळ फ्रॉम द बेड." तरी तारीख पुढे ढकलायची नाही, एवढं मी सांगून घेतलंच.

खरं सांगू? मला निवडणुकीची काळजी नव्हती. मला भीती वाटत होती. समोर जी बाई बसायची, माझ्या ओठाला ओला कापूस लावायची, पाय सरळ करायची, ती माझ्यासाठी आली आहे की नियमासाठी, हे मला कळत नव्हतं. विचारता येत नव्हतं. नियम माझाच. आणि तो उद्या गेला तर यातली एक तरी दारातून आत येईल का, हा प्रश्न छातीवर बसायचा. रडू आलं तर डोळेही पुसता यायचे नाहीत, म्हणून मी रडायचं टाळत असे.

शुक्रवारी सभा झाली. संध्याकाळी अशोक सभेतून आला तो मुद्दाम हसरा चेहरा करून. मी ओळखलं. मोकाशीबाई निवडून आल्या होत्या, आणि त्यांचं पहिलं काम म्हणजे ड्यूटीची सक्ती रद्द. ज्याला इच्छा त्याने बसावं. टाळ्या पडल्या म्हणे. अशोकला त्याच रात्री निघणं भाग होतं. त्याने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

शनिवारी सकाळी मुग्धा शाळेला गेली. सात वाजले. दार उघडलं नाही. सिस्टरने अंग पुसून दिलं, बेल तळव्यात ठेवली आणि ती पलीकडच्या खाटेकडे गेली. उशी सरकून मान वाकडी झाली होती. मी बेलकडे बघत राहिले. पलीकडच्या अरबी आजीचे नातेवाईक कॉफीचा थर्मास घेऊन आले, त्यांचा गलका सुरू झाला. मानेतली कळ खांद्यात उतरली. मला वाटलं, खलास. मोकाशीबाई बरोबर होती आणि मी चूक, किंवा मी बरोबर होते आणि आता काही उपयोग नाही.

दार पुन्हा उघडलं तेव्हा आठ वाजून गेले होते. मोकाशीबाई. साडी चुरगळलेली, हातात पेजेचा डबा. पुलावर ट्रॅफिक तुंबलंय म्हणत तिने पर्स ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि आधी उशी नीट केली.

मी जीभ लोळवत कसंबसं विचारलं, "नियम तर गेला?"

"नियम गेला," ती म्हणाली. "माझा शनिवार होता ना?"

तेव्हा मात्र मी रडले. तिने पदराने माझे डोळे पुसले. पेज फार पातळ होती, हेही सांगून टाकते.

यावरून सगळं मंडळ धावून आलं असं समजू नका. निम्म्या बायका यायच्या थांबल्या. ज्या येत राहिल्या त्या निवांत बसायला लागल्या, कुणी विणकाम आणलं, कुणी भांडणं सांगितली. पण मोकळे दिवसही पडायचे. मग नव्या अध्यक्षबाई रोज संध्याकाळी घरोघर फोन करायच्या. लोक "हो, हो, नक्की" म्हणायचे आणि सकाळी यायचे नाहीत. मोकळा दिवस तीच ऑफिसातून रजा काढून भरायची. एकदा दमून म्हणाली की तुमच्या सक्तीत निदान घसा तरी वाचायचा. मी म्हटलं, मग परत आणा. ती म्हणाली, नाही. आमचं अजून त्यावर एकमत नाही.

या आजारात गेलेलं हळूहळू परत येतं, बहुतेक वरून खाली. आधी चेहरा, मग हात, शेवटी पाय. फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायाम देणारी मुलगी, रोज माझं एकेक बोट वाकवून "यल्ला, ट्राय" म्हणायची, म्हणजे चला, करून बघा.

एका शनिवारी दुपारी मोकाशीबाई खुर्चीत बसल्याबसल्या पेंगली होती, तोंड किंचित उघडं. बेल माझ्या तळव्यात होती. मी अंगठ्याला सांगितलं, नेहमीसारखं, आशा न ठेवता. अंगठा वाकला. दारावरचा लाल दिवा लागला.

सिस्टर धावत आली. "काय झालं चेची, काय हवंय?"

"काही नाही," मी म्हटलं. ती माझ्या हाताकडे बघतच राहिली आणि मग तिने माझा गालगुच्चा घेतला.

त्या गडबडीत मोकाशीबाई जागी झाली. तिला मी पुन्हा दाबून दाखवलं. दिवा पुन्हा लागला. मी म्हटलं, "आता मला बोलावता येतं. तुम्हाला बसायची गरज नाही. घरी जा, नीट झोपा."

तिने घड्याळ बघितलं, पाय खाटेच्या दांडीवर ठेवले आणि पुन्हा डोळे मिटले.

"दोन वाजता जाईन," ती म्हणाली.