रंग न चढणारी दोन बोटं

मंडळी, आधीच सांगतो, भूतखेत, करणी, नजर असलं काही मी मानत नाही. मिलमध्ये नव्या मशीनला लिंबू-मिरची बांधतात तेव्हा सगळ्यात जास्त खिल्ली मीच उडवतो. पण हे लिहिताना मला भीती नाही... लाज वाटतेय.

मी मूळचा अमळनेरचा. सुरतला पांडेसऱ्यात एका डाईंग मिलमध्ये कलर मास्टर आहे. आमच्या धंद्याची एक वाईट खोड — कापड दिसलं की अंगठा जिभेला लावायचा आणि चिमटीत धरून चोळायचं, रंग उतरतो का बघायला. साडूच्या लग्नात नवरीचा शालूसुद्धा मी असाच चोळला होता. बायकोनं घरी येईपर्यंत माझी बिनपाण्यानं केली.

मागे एका रविवारी मुलीनं, खुशीनं, हट्ट धरला म्हणून इथल्याच एका काचेच्या फुलपाखरू-घरात गेलो. आत हे दमट आणि गरम! आमच्या मिलसारखंच, फक्त वास चांगला. एक मोठं निळं फुलपाखरू येऊन खुशीच्या बाहीवर बसलं. पोरीनं श्वास रोखला. "पप्पा, जुओ ने..." बघा ना, असं हळूच म्हणाली; सुरतेत वाढलेली पोर, गुजरातीच बोलते.

अहो, काय तो निळा! एवढी वर्षं शेड काढतोय, असला निळा मला कधी जमला नाही. आणि हात आपोआप गेला... अंगठा जिभेला, पंख चिमटीत, आणि चोळला.

रंग उतरला. बोटांवर निळी पूड, पंखाला पांढुरका डाग. ते खाली पडलं आणि जमिनीवरच गोल गोल फिरायला लागलं. तिथली बाई धावत आली, त्याला पानावर उचलून घेऊन गेली. लोक बघत होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"पप्पा, आ शुं कर्युं तमे?" हे काय केलंत तुम्ही, खुशी एवढंच म्हणाली.

पूड नळाखाली लगेच गेली. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये लाल लॉट होता. ओलं कापड उपसून बघितलं, दोन्ही हात लालभडक झाले — पण उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट कोरं! मग काळा, नेव्ही, सगळं करून झालं. बायकोनं मेंदी लावून पाहिली, तीही चढली नाही. "कसाले हात लावा तठे?" कशाला हात लावलात तिथं, असं म्हणून तिनं डोळ्याला पदर लावला. कातडीच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले बोटं एकदम ठणठणीत आहेत. मिलमधली केमिकलवाली शिकलेली पोरंही डोकं खाजवतात. मला तर काहीच उलगडा होत नाही.

खुशी पूर्वी माझ्या रंगलेल्या हातांवर नाक मुरडायची. शाळेत येताना हात घासून या, म्हणायची. आता रस्ता ओलांडताना मी उजवा हात पुढे केला, की ती मुकाट्यानं माझ्या मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला येते आणि माझा डावा हात धरते, रंगानं माखलेला.